श्रीलंकेत दहा रात्री, चार मुक्काम: चालकासह गाडीच्या सेवेचा अनुभव

फेब्रुवारी २०२४ मध्ये माझे पती, चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि मी असे तिघे श्रीलंकेला जाऊन आलो. कोलंबोतील एका लहान प्रवासी संस्थेकडून आम्ही दहा दिवसांसाठी चालकासह गाडी घेतली होती. निवासाची ठिकाणे आम्हीच निवडून त्यांचे पैसे वेगळे दिले होते, त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः गाडी, चालक आणि संस्थेने केलेल्या आखणीचे आहे. घरातील ज्येष्ठांना घेऊन जे समुद्र आणि डोंगर दोन्ही निवांत पाहू इच्छितात, त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

संस्थेने पाठवलेल्या पहिल्या आराखड्यात दहा रात्रींत सात गावे होती. सिगिरियाचा दुर्ग, यालाचे अभयारण्य, दोन्हीकडचे किनारे असे सगळेच त्यात कोंबलेले असल्यामुळे जवळजवळ रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि रोज संध्याकाळी नव्या खोलीत दिव्यांची बटणे शोधायची, असा प्रकार झाला असता. आम्ही तो परत पाठवून चारच मुक्काम मागितले: दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉलजवळील उनावटुनाला चार रात्री, आणि डोंगरांतल्या एल्ला, हपुतले व कँडी येथे प्रत्येकी दोन. सिगिरिया सुटल्याची हळहळ वाटली, पण नव्या आराखड्याने सहलीला श्वास घेण्याइतकी जागा दिली. संस्थेने कोणताही वाद न घालता दुसऱ्याच दिवशी तो करून पाठवला आणि किलोमीटर कमी झाल्यामुळे दरही आपणहून कमी केला. इंधन, टोल, चालकाचे जेवण आणि राहणे हे सर्व त्या दरात धरलेले होते. मर्यादा एक हजार किलोमीटरची होती आणि आमचे साडेआठशेच झाले. किनारा आधी आणि डोंगर नंतर हा क्रमही संस्थेनेच सुचवला. फेब्रुवारीत नैऋत्य किनाऱ्यावर समुद्र शांत असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तोच खवळतो आणि तेव्हा पूर्व किनाऱ्याकडे जावे लागते.

मुंबईहून अडीच तासांचे विमान. कोलंबोजवळच्या कटुनायकच्या विमानतळावर चालक नावाची पाटी घेऊन उभे होते. सिंहलीत थोरल्या भावाला ‘अय्या’ म्हणतात, हे त्यांच्याकडूनच कळल्यावर आम्ही त्यांना तेच म्हणू लागलो. गाडीत सामान ठेवताना ते बॅगा मोजत होते, ‘एक, देक, तुन...’, आणि सासूबाईंनी चमकून वर पाहिले. सिंहली आणि मराठी एकाच भाषाकुळातल्या आहेत हे वाचून माहीत होते, पण सातला ‘हत’, आठाला ‘अट’ आणि मिठाला ‘लुणु’ हे शब्द कानावर पडू लागले, तेव्हा ते नाते खऱ्या अर्थाने समजले. त्या दिवसापासून दोघांचा हा शब्दांचा खेळ सुरू झाला, तो परतीच्या विमानापर्यंत चालला.

उनावटुनाला आम्ही एका कुटुंबाच्या घरी वरच्या मजल्यावर राहिलो. सासूबाईंचे माहेर गुहागरकडचे. माड, फणस, सुपारी, लाल माती हे सगळे त्यांच्या ओळखीचे असल्यामुळे परक्या देशात आल्याची जाणीव त्यांना फारशी झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. घरातल्या बाईंनी बसायचे लाकडी आसन पुढे ओढले. त्याच्या टोकाला दातेरी लोखंडी पाते होते. त्याला त्या ‘हिरमणय’ म्हणत होत्या आणि सासूबाई खोवणी. नारळाचे अर्धे भकल दोन्ही तळव्यांत धरून फिरवत खोवण्याची पद्धत दोघींची अगदी एकच होती, फक्त करवंटीजवळचा करडा भाग येऊ लागला की सासूबाई थांबत आणि त्या बाई आणखी दोन वळसे घेत. त्या ओल्या खोबऱ्यात लाल मिरची, लहान कांदे, मीठ आणि लिंबू घालून पाट्यावर रगडले की त्यांचे ‘पोल सम्बोल’ तयार होते. त्याबरोबर आपल्या शिरवाळ्यांच्या जवळची ‘इंदिआप्प’ आणि कोवळ्या फणसाचे नारळाच्या दुधातले कालवण होते. आपली कुयरीची भाजी आठवावी असे ते कालवण मी तीन वेळा वाढून घेतले.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. सम्बोलमध्ये आणि पुष्कळशा भाज्यांमध्येही ‘उंबलकड’, म्हणजे वाळवलेल्या कुपा (ट्यूना) माशाचा चुरा, चवीसाठी घालतात, आणि तो मासळीत धरला जाईलच असे नाही. नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. उंबलकड नको असे नाव घेऊन सांगावे लागते. सासूबाईंनी मासळी सोडून बरीच वर्षे झाली आहेत. अय्यांनी पहिल्याच दिवशी हे विचारून घेतले आणि पुढे प्रत्येक खानावळीत आमच्याआधी आत जाऊन ते सांगत राहिले. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन.

गॉलचा किल्ला आम्ही दोनदा पाहिला, दोन्ही वेळा सायंकाळी. पोर्तुगीजांनी सुरू केलेला आणि १६४० नंतर डचांनी वाढवलेला हा कोट १९८८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तटावरून सावकाश चालत गेले की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कौलारू घरे दिसतात, आणि मुख्य दरवाजाच्या वरून क्रिकेटचे मैदान. घाई असती तर हे सगळे तासाभरात उरकून पुढे निघालो असतो.

तिसऱ्या दिवशी दालचिनी सोलणाऱ्या एका कुटुंबाकडे गेलो, आणि या सहलीत मी सर्वाधिक वेळ एका जागी बसून राहिले ती तिथे. अंगठ्याएवढ्या जाडीची हिरवी काठी घेऊन आजोबांनी आधी वरची खरखरीत साल खरवडून काढली. मग पितळी कांडीने ती काठी चहूबाजूंनी जोर देऊन घासली, कारण त्यामुळे आतली साल लाकडापासून सुटते. नंतर बारीक सुरीने दोन उभे छेद देऊन त्यांनी ती साल अख्खी उचलली. ती कागदासारखी पातळ होती आणि तिचा वास ओल्या अंगणासारखा व गोडसर होता. अशा साली एकीत एक घालून लांब नळी तयार करतात आणि ती सावलीत वाळवतात. आपल्या बाजारात दालचिनी म्हणून बरेचदा कॅशिया या दालचिनीच्या जवळच्या झाडाची जाड, कडक साल मिळते. हे काम पाहिल्यावर दोन्हींतला फरक बोटांनाही कळू लागला.

याच्या नेमके उलट उदाहरण संस्थेच्या आराखड्यात होते, आणि ती माझी पहिली तक्रार आहे. कँडीच्या वाटेवर ‘मसाल्यांच्या बागेला माहितीपर भेट’ असे लिहिलेले होते. प्रत्यक्षात ते दुकान होते. दहा मिनिटे झाडे दाखवून पुढे तेले, चूर्णे आणि गुडघेदुखीची मलमे कितीतरी चढ्या भावाने पुढे केली जात होती. सासूबाईंचे गुडघे पाहून विक्रेत्याने जो आग्रह धरला तो मला अजिबात आवडला नाही. अशा जागी गाडी थांबवण्यासाठी दलाली मिळते, हे अय्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगितले आणि पुढचा रत्नांच्या दुकानाचा थांबा आम्ही न मागता गाळला. चूक आखणी करणाऱ्या कार्यालयाची होती. आरक्षण करतानाच ‘दुकानांचे थांबे नकोत’ असे लेखी कळवणे चांगले.

किनाऱ्याकडून वेल्लवायामार्गे एल्लाला चढतानाचा रस्ता लांबचा आहे. वाटेत मातीच्या मडक्यांत लावलेले म्हशीचे दही विकणाऱ्या टपऱ्या लागतात, आणि त्यावर ‘कितुल’चा पाक घालून देतात. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. सासूबाईंनी झाड ओळखले, पण त्याच्या रसाचा काकवीसारखा पाक त्यांनी प्रथमच चाखला. त्या मडक्यासाठी आम्ही पाऊण तास थांबलो आणि अय्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही.

एल्ला सुंदर आहे, पण गर्दीचे झाले आहे. १९२१ मध्ये दगड-विटांनी बांधलेला नऊ कमानींचा पूल पहाटे पाहिला तरच तो पाहिल्यासारखा वाटतो. आमचे मन रमले ते हपुतलेला. तिथून जवळच थॉमस लिप्टन यांनी १८९० मध्ये उभारलेला डंबटेन्नचा चहाचा कारखाना आणि त्याच्यावर ‘लिप्टन्स सीट’ हे दृश्यस्थळ आहे. धुके चढण्याआधी तिथे पोहोचावे म्हणून अय्यांनी आम्हाला साडेपाचलाच निघायला लावले आणि ते अगदी योग्य ठरले. कँडीजवळच्या लूलकंदुरा येथे जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने १८६७ मध्ये चहाचा मळा लावला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी कॉफीच्या झाडांवर पडलेल्या तांबेरा या बुरशीच्या रोगामुळे हे सगळे डोंगर चहाचे झाले. त्या मळ्यांत राबले ते तामिळनाडूतून आणलेले मजूर. त्यांच्यापैकी बहुतेकांचे नागरिकत्व १९४८ च्या कायद्याने नाकारले गेले. त्यांचे वंशज आजही त्याच उतारांवर पाने खुडतात. पाठीवर पोते, डोक्याला पट्टा आणि दोन पाने व एक कळी खुडणारी ती बोटे पाहताना कॅमेरा बाहेर काढावासा वाटला नाही. त्यांना उभे करून छायाचित्र घेण्याचा थांबा आराखड्यात नव्हता, याबद्दल मी संस्थेची आभारी आहे.

हपुतले ते कँडीच्या वाटेवरचे नानु ओया हा आगगाडीचा प्रवास जेमतेम दीड-दोन तासांचा आहे. अय्या सामानासह रस्त्याने पुढे गेले आणि स्थानकाबाहेर उभे राहिले. ज्येष्ठांसोबत असताना ही सोय फार मोठी आहे. इथे दुसरी तक्रार: संस्थेने वातानुकूलित पहिल्या वर्गाची तिकिटे कबूल केली होती आणि आदल्या दिवशी दुसऱ्या वर्गाची हाती दिली. फरकाचे पैसे मागितल्यावरच मिळाले. योगायोगाने ते सोयीचे झाले, कारण वातानुकूलित डब्याच्या खिडक्या बंद असतात आणि दुसऱ्या वर्गाच्या उघडतात. ओहियापर्यंत ऊन होते. सुमारे १,९०० मीटर उंचीवरील पट्टिपोलाच्या अलीकडचा बोगदा ओलांडताच गार धुके थेट मांडीवर आले आणि सासूबाईंनी शाल ओढून घेतली. ज्यांना या गाडीने जायचे आहे त्यांनी खुली खिडकीच मागावी आणि तिकिटे महिनाभर आधी पक्की करून घ्यावीत.

कँडीत दळदा मालिगावा, म्हणजे बुद्धाच्या दाताचे मंदिर, आणि पेरादेनियाचे वनस्पती उद्यान पाहिले. दोन रात्री पुरेशा झाल्या.

पुन्हा गेलो तर एल्लाची एक रात्र काढून हपुतलेला देऊ. गाडी त्याच संस्थेकडून घेऊ, मात्र थांब्यांची यादी आणि तिकिटाचा वर्ग लेखी मागून घेऊ, आणि चालक म्हणून अय्याच मिळावेत असा आग्रह धरू. विमानतळावर त्यांनी सासूबाईंच्या हाती नारळाच्या झावळीने बांधलेली दालचिनीची जुडी दिली. ती दालचिनी सोलणाऱ्या आजोबांकडून त्यांनी त्या भेटीच्या दिवशीच घेऊन ठेवली होती.