कळण्यात सोयाबीन, चटणीत जवस: आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, तपशील नंतर. कळण्याच्या, म्हणजे भाकरीसाठी ज्वारी-उडीद एकत्र दळायच्या खान्देशी पिठाच्या, दळणात दहा टक्के सोयाबीन बसतं. पंधरा टक्के घातलं की भाकरी फुटते आणि जेवणारे ताट सरकवतात. जवसाची चटणी मात्र आठही महिने बिनतक्रार चालली. आता ज्या कारणाने ही दोन्ही ताटात आली, ते वनस्पतींमधलं इस्ट्रोजेन (इस्ट्रोजेन हे मुख्यतः बायकांचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन). ‘सोयाबीनने बायकांचं सगळं ठीक होतं’ असं म्हणणारे आणि ‘सोयाबीनने पुरुषाची बाई होते’ असं म्हणणारे, दोघांचाही हिशेब चुकतो. दाण्यात किती होतं आणि भाकरीत किती उरलं, हे दोघंही मोजत नाहीत.

वापर मे ते डिसेंबर असा झाला. म्हणजे खान्देशातलं कडक ऊन, पावसाळ्याची दमट हवा आणि भरिताचा हंगाम, तिन्ही त्यात आले.

काही वनस्पतींमधल्या संयुगांची रचना आपल्या शरीरातल्या इस्ट्रोजेनशी थोडी जुळते, म्हणून ती त्याच्याच जागी जाऊन बसू शकतात. यांना फायटोइस्ट्रोजेन म्हणतात. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन असतात, मुख्यतः जेनिस्टीन आणि डेडझीन. जवस आणि तिळात लिग्नॅन असतात. पेशीत इस्ट्रोजेनला बसायला अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या जागा असतात. जेनिस्टीनची ओढ बीटाकडे जास्त, आणि त्याचा जोर शरीरातल्या इस्ट्रोजेनच्या मानाने फारच कमी. त्यामुळे हे संप्रेरकाच्या गोळीसारखं वागत नाही.

कोरड्या सोयाबीनमध्ये 100 ग्रॅमला साधारण 100 ते 150 मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन असतात. वाण, जमीन आणि हंगाम यांनुसार आकडा बराच हलतो. टोफूत 20 ते 30, सोया दुधात फार तर 10. हरभरा, तूर, मूग, शेंगदाणे यांत नगण्य. आणि सोयाबीन तेलात शून्य, कारण आयसोफ्लेव्होन तेलात उतरत नाहीत, पेंडीत राहतात. शेवभाजीवर तरंगणारा तवंग सोया तेलाचा असला तरी त्यातून काही मिळत नाही आणि काही बिघडतही नाही.

पाच किलोच्या दळणाचं प्रमाण असं: दादर ज्वारी साडेतीन किलो, सालीसकट उडीद एक किलो, उकळून वाळवलेलं सोयाबीन अर्धा किलो, मीठ 50 ग्रॅम. सोयाबीन जेएस 335 असो की फुले संगम, खाण्यात फरक कळत नाही. मात्र पेरणीतून उरलेलं बियाणं चुकूनही वापरू नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, म्हणूनच ते गुलाबी किंवा लालसर दिसतं, आणि धुऊन ते खाण्याजोगं होत नाही. बाजारातून आणलेल्या दाण्यातूनही हिरवे, सुरकुतलेले आणि काळे डाग पडलेले दाणे निवडून काढा.

सगळी मेख उकळण्यात आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो (ट्रिप्सिन इनहिबिटर), तो ओल्या उष्णतेने मोडतो. नुसतं कढईत भाजलं तर दाणा वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. दुसरी अडचण वासाची. दाणा फुटून त्याला थंड पाणी लागलं की त्यातलं एक एन्झाइम तेलावर काम करतं आणि तो हिरवट, कच्च्या शेंगेसारखा वास येतो. म्हणून दाणे थंड पाण्यात टाकून गॅस पेटवायचा नाही. एक किलो दाण्याला चार लिटर पाणी आधी खळखळ उकळवा. दाणे मूठ मूठ सोडा, उकळी बसू देऊ नका. तिथून घड्याळ लावून 20 ते 25 मिनिटं. फेस बराच वर येतो, तेव्हा पातेलं मोठं घ्या, नाहीतर सगळं बर्नरवर. दाणा चिमटीत दाबल्यावर साल सुटून दोन दळं वेगळी झाली की बस.

उरलेलं पाणी पिवळट दिसतं. आयसोफ्लेव्होनचा काही भाग त्यातच जातो. ते वाचवायला पाणी आटवत बसू नये, कारण पोटात वायू धरणाऱ्या साखराही त्याच पाण्यात उतरलेल्या असतात. उडीद आधीच वातूळ, त्यात सोयाबीनचा वायू नको. थोडं गेलं तर जाऊ द्या, हा सौदा परवडतो.

मे महिन्यात गच्चीवर दोन दिवसांत दाणा खडखडीत वाळतो. दाताखाली कट् आवाज आला तर झाला, दबला तर आणखी एक दिवस. जुलैत मात्र हा उद्योग फसतो. ढगाळ हवेत तिसऱ्या दिवशी दाणे चिकट होऊन आंबूस वास मारायला लागतात, आणि असे दाणे फेकावेच लागतात. यावर उपाय एकच: पावसाळ्याचं सोयाबीन मे महिन्यातच उकळून, वाळवून, घट्ट डब्यात भरून ठेवायचं. अख्खा वाळलेला दाणा टिकतो, पीठ टिकत नाही.

गिरणीवाल्याला सोयाबीन वेगळं दळायला देऊ नका. त्यात जवळपास 20 टक्के तेल असतं. जात्याच्या पाळीला लगदा चिकटतो, पीठ गरम येतं आणि गिरणीवाला पुढच्या वेळी डबा परत पाठवतो. ज्वारी-उडदात आधी नीट कालवून दिलं की ज्वारी तेल धरून ठेवते. तयार पीठ उन्हाळ्यात तीन आठवड्यांत खवट होतं, हिवाळ्यात दीड महिना जातं. भुसावळकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दोन-अडीच किलोपेक्षा जास्त दळूच नये.

मिठाची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण ती इथे सगळ्यात महत्त्वाची. कळण्यात परंपरेने खडे मीठ पडतं आणि त्यात बहुधा आयोडीन नसतं. सोयाबीनमधले आयसोफ्लेव्होन थायरॉइडच्या एका एन्झाइमला अडवतात. आयोडीन पुरेसं मिळत असेल तर निरोगी माणसाला त्याने काही होत नाही. कमी असेल तर मात्र ताण पडतो. खडे मीठ हटवून पाकिटातलं आयोडीनयुक्त मीठ वापरा. चवीत काडीचा फरक पडत नाही.

भाकरीचं सांगायचं तर, सोयाबीनमुळे पिठाचा चिकटपणा कमी होतो. कोमट पाण्यात मळलं तर थापताना कडा तडकतात. उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग तळहाताच्या मुळाने रगडून मळा. दादरच्या पिठाला हे सोसतं, संकरित ज्वारीला कमी सोसतं. तवा नेहमीपेक्षा मंद ठेवा. सोयाबीनने भाकरी लवकर तांबूस होते, आणि तिला भाजलेली समजून उतरवली तर मध्ये कच्ची राहते. नीट जमली तर ठेचा नि शेंगदाण्याच्या तेलाबरोबर कयनानी भाकर (अहिराणीत कळण्याची भाकरी) पूर्वीसारखीच लागते. किंचित कोरडी, इतकंच.

आता उरलं किती? एका भाकरीला 80 ग्रॅम पीठ धरलं तर त्यात 8 ग्रॅम सोयाबीन. उकळण्यातली घट वजा करून 6 मिलिग्रॅमच्या आसपास आयसोफ्लेव्होन धरा. दिवसाला तीन भाकरी म्हणजे 18. जपानमध्ये पारंपरिक जेवणातून रोज 25 ते 50 मिलिग्रॅम पोटात जातात, आणि ती माणसं पिढ्यान् पिढ्या खात आली आहेत. आपण त्यांच्याही खाली आहोत.

पुरुषांच्या भीतीला हाच आकडा पुरे. छाती वाढल्याचं जे उदाहरण सगळीकडे फिरतं, ते 2008 साली नोंदलेलं एका 60 वर्षांच्या अमेरिकन माणसाचं. तो रोज जवळपास तीन लिटर सोया दूध पीत होता, आणि ते थांबवल्यावर त्रास ओसरला. 100 मिलिला 10 मिलिग्रॅम धरले तर तीन लिटरात 300, म्हणजे आपल्या पन्नास भाकऱ्या. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले आहेत, आणि नेहमीच्या प्रमाणात सोया खाल्ल्याने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटलेलं दिसलेलं नाही. गंमत अशी की ही शंका कापसाच्या मुलखात काढली जाते. सरकीतल्या गॉसिपॉलने पुरुषाची प्रजननशक्ती खरोखर कमी होते. चीनमध्ये 1970 च्या दशकात ते पुरुषांचं संततिनियमन म्हणून तपासलं गेलं होतं. रिफाइंड सरकी तेलातून ते काढलेलं असतं म्हणून आपण बिनघोर तळतो.

याचा अर्थ वनस्पतिज इस्ट्रोजेन दुबळंच असतं असा नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1940 च्या दशकात क्लोव्हरच्या कुरणावर चरणाऱ्या मेंढ्या वांझ राहू लागल्या, आणि 1946 साली त्याचं कारण त्या चाऱ्याशी जोडलं गेलं. मेंढी दिवसभर तेच खात होती. इकडे गोठा असलेल्यांनी लसूणघासाकडे लक्ष ठेवावं. त्यात कौमेस्ट्रॉल हे वनस्पतिज इस्ट्रोजेन असतं आणि पानांवर रोग पडला की ते वाढतं. जनावर वेळेवर माजावर येत नसेल, गाभण राहत नसेल, तर नुसत्या लसूणघासावर ठेवलेलं आहे का हे पशुवैद्यकाला जरूर सांगा.

माणसात शेवटचा निकाल आतड्यात लागतो. डेडझीनपासून इक्वॉल हे जास्त प्रभावी संयुग तयार करणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. पाश्चात्त्य देशांत चारात एकाच्या आसपास लोकांत ते तयार होतं, जपानमध्ये निम्म्याहून थोड्या जास्त लोकांत. एकाच ताटातून जेवणाऱ्या दोन जावांपैकी एकीला फरक वाटतो आणि दुसरीला नाही, याचं एक कारण हे असू शकतं. जवसातल्या लिग्नॅनचंही तसंच, त्यांनाही आतड्यातले जिवाणूच कामाच्या रूपात आणतात. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की हे काम बरेच दिवस मंदावतं.

पाळी जाताना अंगातून गरम वाफा येणं, रात्री घामाने उशी भिजणं, यासाठीच बहुतेक बायका सोयाबीनकडे वळतात. चाचण्यांचे 2012 मध्ये एकत्रित केलेले आकडे सांगतात की आयसोफ्लेव्होनने वाफांची संख्या खोट्या (औषध नसलेल्या) गोळीच्या तुलनेत सुमारे 20 टक्क्यांनी कमी झाली. खोट्या गोळीनेही बराच आराम पडतो, हे विसरू नका. त्यामुळे चौथ्या दिवशी फरक पडला म्हणणारीला सोयाबीनने फरक पडलेला नसतो. किमान बारा आठवडे द्या, आणि कॅलेंडरवर रोज वाफांच्या रेघा ओढा. पहिले दोन आठवडे काही न बदलता नुसती मोजणी करा, नाहीतर तुलना कशाशी करणार? चाचण्यांतले डोस बहुधा गोळ्यांचे आणि आपल्या तीन भाकऱ्यांपेक्षा बरेच मोठे होते, तेव्हा अपेक्षाही तेवढीच ठेवा. पाळी कायमची बंद झाल्यानंतर रक्तस्राव झाला तर तो सोयाबीनच्या खात्यावर टाकू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती उपाशीपोटी घ्या आणि सोयाबीनची भाकरी चार तासांनी खा. सोया त्या गोळीचं शोषण कमी करतं. सोयाबीन रोज सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा तपासा.

स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्यांची भीती समजण्यासारखी आहे. शांघायमध्ये अशा 5042 बायकांवर लक्ष ठेवून 2009 साली आलेल्या अभ्यासात, जास्त सोया खाणाऱ्यांमध्ये रोग उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. ती माहिती जेवणातल्या सोयाची होती. आयसोफ्लेव्होनच्या कॅप्सूल हा वेगळा विषय, त्या आपल्या कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय नकोत.

जवसाची कृती सोपी: पाव किलो जवस मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत भाजायचं, मग लसूण, सुक्या मिरच्या, जिरं, मीठ घालून कुटायचं. अख्खं जवस खाऊन उपयोग नाही. लिग्नॅन सालीत असतात आणि अख्खा दाणा जसा आत गेला तसा बाहेर येतो. 100 ग्रॅम जवसात लिग्नॅन 300 मिलिग्रॅमच्या घरात जातात, त्यामुळे दिवसाला एक मोठा चमचा, म्हणजे 10 ग्रॅम, पुरे. कच्चं जवस मुठीने खाऊ नये. त्यात सायनाइड सोडणारे घटक थोडे असतात, भाजल्याने ते घटतात. पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट साफ होण्याऐवजी गच्च होतं. कुटलेली चटणी फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकते. बाहेर ठेवलेली मे महिन्यात पाचव्या-सहाव्या दिवशी तैलरंगाच्या डब्यासारखा वास मारू लागली. नवल नाही, रंगात पडतं ते अळशीचं तेल याच दाण्याचं. असा वास आला की टाकून द्या. बाजारात मिळणाऱ्या जवसाच्या तेलात लिग्नॅन जवळपास नसतात.

सोयाबीनच्या वड्या प्रथिनांसाठी चांगल्या, 100 ग्रॅमला 50 ग्रॅमच्या आसपास. इस्ट्रोजेनच्या हिशेबात मात्र त्या कोणत्या प्रक्रियेने बनल्या यावर सगळं ठरतं. अल्कोहोलने धुतलेल्या सोया प्रथिनातून आयसोफ्लेव्होन बरेचसे निघून जातात आणि पाकिटावर ते छापलेलं नसतं. मेथीचं डायोस्जेनिन ‘शरीरात संप्रेरक बनतं’ म्हणून विकलं जातं. ते प्रयोगशाळेत होतं, माणसाच्या शरीरात ते एन्झाइमच नाही.

पुढच्या दळणात बदल इतकाच: सोयाबीन अर्ध्या किलोवरून 400 ग्रॅम, कमी केलेलं 100 ग्रॅम ज्वारीत. पाटवड्यांसाठी हेच पीठ वापरलं तर त्या मोडतात, तेव्हा त्यासाठी बेसन वेगळंच ठेवलेलं बरं.