पैठणीचा रंग, आजीचा फोटो आणि फुकटातली ॲप्स

वहिनींचं साड्यांचं काम घरातूनच चालतं. येवल्याहून पैठण्या आणायच्या, पलंगावर पसरून फोनवर फोटो काढायचे आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचे. गेल्या महिन्यात एक साडी परत आली. गिऱ्हाइकाचं म्हणणं, "फोटोत मोरपंखी होती, हातात आली ती निळी." चूक गिऱ्हाइकाची नव्हती. रात्री पिवळ्या बल्बखाली फोटो काढला होता आणि पिवळ्या उजेडात निळा रंग हिरवट दिसणारच.

"भाऊजी, फोटो नीट करायचं एखादं ॲप सांगा. पैसे भरायचे नाहीत, आणि दहा ॲप शिकायला मला वेळ नाही."

अट स्पष्ट होती, त्यामुळे काम सोपं झालं. त्यांची तीन खरी कामं घेतली: साडीचा फोटो, आजीचा स्टुडिओत काढलेला जुना कृष्णधवल फोटो (वर्षश्राद्धाला फ्रेम करायचा होता), आणि दसऱ्याच्या सवलतीचं मराठी अक्षरांतलं चित्र. हे सगळं त्यांच्याच फोनवर करून पाहिलं, दोन वर्षं जुन्या, 4 जीबी रॅमच्या अँड्रॉइडवर. माझ्या फोनवर जे झटकन होतं ते त्यांच्याकडे होईलच असं नाही. ॲप सुचवणारे नेमकं हेच विसरतात.

आधी एक गोष्ट. फोनच्या गॅलरीतच 'एडिट' असतं. फोटो कापणं, सरळ करणं, थोडा उजेड वाढवणं एवढंच हवं असेल तर नवीन काही घेऊच नका. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर तर नको असलेली वस्तू पुसायची सोयही गॅलरीतच आहे. पुढचं सगळं, तेवढ्याने ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी.

साडी: लाइटरूम की स्नॅपसीड

रंग खरा दिसायला हवा असेल तर पहिलं औषध म्हणजे व्हाइट बॅलन्स, उजेडामुळे फोटोवर चढलेली रंगाची झाक काढणं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: पिवळा बल्ब साधारण 2700 ते 3000 केल्विनचा, दुपारचा उजेड 5500 च्या आसपास, पांढरी ट्यूब 6500 च्या. फोन आपल्या अंदाजाने हा फरक भरून काढतो, पण समोर सगळी निळी किंवा सगळी लाल साडी पसरलेली असली की त्याचा अंदाज चुकतो, कारण 'पांढरं म्हणजे कुठलं' हे ठरवायला त्याला चित्रात काही सापडत नाही. म्हणून साडीच्या कडेला एक साधा पांढरा कागद ठेवून फोटो काढायचा. मग लाइटरूम आणि स्नॅपसीड या दोन्ही ॲपमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (रंग उचलणारं साधन) त्या कागदावर टेकवला की रंग बऱ्यापैकी जागेवर येतो. कागद नंतर कापून टाकायचा.

इथपर्यंत दोघं बरोबरीत. फरक पुढे पडतो. लाइटरूममध्ये 'मिक्स' नावाचा भाग आहे, त्यात लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, जांभळा आणि गुलाबीसर मॅजेंटा असे आठ रंग वेगवेगळे हलवता येतात. राणी कलरची साडी फोनवर हमखास भडक येते. तिथे फक्त मॅजेंटाची तीव्रता खाली आणली की काठाच्या जरीला धक्का न लागता साडी साडीसारखी दिसते. हे फुकटच्या लाइटरूममध्ये होतं. मात्र सुरुवातीला खातं उघडावं लागतं, आणि निवडक भागावर काम करणं, डाग पुसणं अशा गोष्टी लाइटरूम बनवणाऱ्या ॲडोबीने पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. शिवाय लाइटरूम मूळ फोटोला हात लावत नाही, बदल स्वतःजवळ ठेवतं. त्यामुळे काम झाल्यावर एक्स्पोर्ट करावं लागतं, म्हणजे बदललेला फोटो गॅलरीत वेगळा उतरवावा लागतो. नवख्या माणसाचा इथे हटकून गोंधळ होतो: "एवढं केलं, आणि गॅलरीत तर जुनाच फोटो दिसतोय!"

स्नॅपसीडमध्ये हेच काम मी 'सिलेक्टिव्ह'ने केलं. साडीवर बोट टेकवायचं, त्या जागी एक ठिपका येतो. दोन बोटांनी त्याचा घेर लहानमोठा करायचा. त्या घेरात, त्या रंगाशी जुळणाऱ्या भागापुरताच उजेड किंवा रंग बदलतो. असे आठपर्यंत ठिपके ठेवता येतात. एक जरीवर, एक पदरावरच्या मोरावर, एक अंधारात गेलेल्या कोपऱ्यावर. दागिना, फराळाचं ताट, कुंडीतलं झाड, कशालाही हे चालतं. सगळं फुकट, जाहिरात नाही, खातं नाही. हे ॲप मुळात निक सॉफ्टवेअरने 2011 मध्ये आयपॅडसाठी काढलं, 2012 मध्ये गूगलने ती कंपनीच घेतली आणि त्याच वर्षी ते अँड्रॉइडवर फुकट आलं. मधली कितीतरी वर्षं त्यात मोठा बदल झाला नाही, 2025 मध्ये आयफोनवर तिसरी आवृत्ती आली. तेव्हा जुने व्हिडिओ बघून शिकणार असाल तर बटणांच्या जागा वेगळ्या दिसतील.

एकाच उजेडात वीस साड्यांचे फोटो काढले असतील तर दोन्हीकडे एका फोटोचे बदल दुसऱ्याला लावता येतात. लाइटरूममध्ये कॉपी-पेस्ट, स्नॅपसीडमध्ये 'लास्ट एडिट्स' किंवा स्वतःचा 'लुक' (केलेल्या बदलांचा संच) जपून ठेवायचा. वीस फोटोंना एका झटक्यात लावणं मात्र लाइटरूमच्या पैशांच्या बाजूला जातं.

माझा कौल? रंग हाच धंदा असेल, म्हणजे साड्या, कापड, रंगीत खडे, तर लाइटरूम शिकण्याचा त्रास घ्यावा. बाकी सगळ्यांनी स्नॅपसीड.

आणि एक गोष्ट दोघांनाही जमत नाही. पैठणीचा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की ती धूपछाँव होते, एका कोनातून हिरवी, दुसऱ्यातून निळी. अशा साडीचा 'खरा' रंग एका फोटोत मावतच नाही. तिथे ॲपशी झटापट न करता दोन कोनांतून दोन फोटो टाकावेत.

आजीचा फोटो: स्नॅपसीड की गूगल फोटोज

जुना फोटो काचेच्या फ्रेममध्ये होता, वर ट्यूबचा चकाकता पट्टा. ही चकाकी नंतर कुठल्याच ॲपने धड जात नाही, कारण त्या पट्ट्याखाली काय होतं याची माहिती फोटोत आलेलीच नसते. जेपीईजीमध्ये, म्हणजे फोनवरच्या नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या 256 पायऱ्या. सगळ्यात वरच्या पायरीला टेकलेली जागा नुसती पांढरी, तिला कितीही खाली ओढा, राखाडी होईल, चेहरा येणार नाही. म्हणून फोटो काचेतून बाहेर काढा. निघत नसेल तर गूगलचं 'फोटोस्कॅन' नावाचं वेगळं फुकट ॲप आहे. त्यात फोन एकामागून एक चार ठिपक्यांवर न्यायचा. वेगवेगळ्या कोनांतले फोटो जोडून ते चकाकी बरीचशी घालवतं आणि फोटोच्या कडाही आपोआप कापतं.

पुढचं काम स्नॅपसीडचं. तिरका आलेला फोटो 'पर्स्पेक्टिव्ह'ने चौकोनात बसवला. पिवळेपणा घालवायला रंगाशी खेळत बसलो नाही, थेट कृष्णधवल केला. मूळचा फोटो तसाच तर होता. मग 'हीलिंग'ने भेगा. यात एकच युक्ती: फोटो खूप मोठा करून, भेगेवर एकदम लांब रेघ न ओढता, लहान लहान तुकड्यांत पुसत जायचं. हे साधन शेजारचा पोत उचलून भेग बुजवतं; तुकडा जितका लहान, तितका शेजार नेमका मिळतो. गालावरची भेग दहा मिनिटांत गेली. डोळ्याच्या कडेची मी मुद्दाम ठेवली, कारण तिथे पुसायला गेलं की नजर बदलते आणि घरच्यांना ते पहिल्या क्षणी कळतं.

गूगल फोटोजचा मॅजिक इरेझर मे 2024 पासून सगळ्यांसाठी फुकट झाला, पण जुन्या, कमी रॅमच्या फोनवर तो दिसेलच असं नाही. मागे नुसती भिंत, आकाश किंवा वाळू असेल, तर मागे उभा असलेला अनोळखी माणूस किंवा विजेची तार तो स्नॅपसीडपेक्षा कमी कष्टात काढतो. पण अशी सगळी साधनं मागचा भाग अंदाजाने भरतात. मागे साडीची नक्षी, जाळी किंवा दुसऱ्या कुणाचा हात असला की तो अंदाज लक्षात येतो. सहलीच्या फोटोला चालेल, आजीच्या चेहऱ्याला नको. फोटो 'चकचकीत' करून देणाऱ्या एआय ॲपबद्दलही माझं हेच मत. ती नवीन चेहरा रेखाटतात. तो सुंदर असतो, पण आजीचा नसतो.

गूगल फोटोजचा खर्च पैशांत लगेच दिसत नाही. फुकटची 15 जीबी जागा जीमेल आणि ड्राइव्हसकट सगळ्यांना मिळून आहे, आणि 1 जून 2021 पासून नवे फोटो त्यात मोजले जातात. बॅकअप बंद ठेवूनही एडिट वापरता येतं, ते बंदच ठेवलं.

छपाईचं गणितही सांगून टाकतो, कारण स्टुडिओवाल्याने तेच विचारलं. 8 बाय 10 इंची फ्रेमसाठी, इंचाला 300 ठिपके धरले तर 2400 बाय 3000 पिक्सेल लागतात. 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 बाय 3000 असतो, म्हणजे भरपूर. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की आकार घटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मराठी अक्षरं: पिक्सेललॅब की कॅन्व्हा

इथे वरची तिन्ही ॲप बाद. स्नॅपसीडमध्ये मजकूर टाकता येतो, पण तिथले साचे रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून रचलेले आहेत.

गावोगावी वाढदिवसाचे बॅनर ज्या पोरांच्या फोनवर तयार होतात, त्यांच्याकडे पिक्सेललॅब असतंच. कारण सरळ आहे: त्यात आपल्याला हवा तो फाँट टाकता येतो, आणि आयती 'पीएलपी फाइल' कुणाकडून मिळाली की नाव आणि फोटो बदलून बॅनर तयार. जाहिराती सोसाव्या लागतात. खरा घोळ फाँटचा. बॅनरवाल्यांकडचे बरेच सुलेखनी फाँट युनिकोड (सगळ्या फोनवर चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेले, जुन्या पद्धतीचे असतात. त्यात कीबोर्डवरून थेट मराठी लिहिलं तर त्या फाँटची अक्षरं येतच नाहीत. आधी मजकूर कन्व्हर्टरमधून (त्या जुन्या पद्धतीत बदलून देणाऱ्या साधनातून) काढावा लागतो. वहिनींना हे सांगितल्यावर त्यांनी हातच जोडले.

युनिकोड फाँट घेतला की हा व्याप नाही. मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्ता आणि बलू फुकट आहेत. 'तिरो देवनागरी मराठी' तर खास मराठी वळणाच्या ल आणि श साठी वेगळा काढलेला आहे, तोही फुकट. फाँट निवडताना 'दसऱ्याच्या' हा शब्द लिहून बघा. त्यातला ऱ्या नीट जुळला तर पुढे जा. 'र्‍या'चा अर्धा र तुटून पडत असेल तर तो फाँट मराठीचा नाही.

कॅन्व्हामध्ये देवनागरी फाँट आयते आहेत, साचे आहेत, आणि कन्व्हर्टरची भानगड नाही. पण खातं लागतं, नेट लागतं, स्वतःचा फाँट चढवायचा तर पैसे, आणि साच्यातली काही चित्रंही पैशांची निघतात. हे कळतं ते शेवटी, डाउनलोडच्या वेळी. महिन्यातून दोनदा लागणाऱ्या माणसाला कॅन्व्हा बरं. रोज बॅनर करणाऱ्याला पिक्सेललॅब.

पिक्सआर्टमध्ये अक्षरं, स्टिकर, पार्श्वभूमी काढणं सगळंच आहे, म्हणूनच मला ते गर्दीच्या वेळच्या मंडईसारखं वाटतं. कॉलेजच्या मुलांना आवडतं. व्हीएस्को फिल्मसारख्या फिल्टरसाठी छान, पण फुकटात मोजकेच मिळतात, आणि साडीचा रंग खरा ठेवायचा असेल तर फिल्टर हा शत्रूच. चेहरा उजळणाऱ्या ॲपमध्ये मी शिरलोच नाही. त्यातली मेईतू, ब्यूटीप्लस ही नावं जून 2020 मध्ये सरकारने बंदी घातलेल्या 59 ॲपच्या यादीतही होती.

'तीन दिवस फुकट'चा हिशेब

स्वस्त ॲप महाग पडतं ते इथे. एका ॲपचं (नाव जाऊ द्या) 'तीन दिवस फुकट' मी स्वतः दाबलं होतं. आवडलं नाही, म्हणून फोनवरून काढून टाकलं आणि विसरलो. पैसे गेले. ॲप काढलं म्हणजे वर्गणी बंद झाली असं नसतं. प्ले स्टोअरमध्ये स्वतःच्या फोटोवर टिचकी मारून पेमेंट आणि सबस्क्रिप्शनमध्ये जायचं, आणि तिथून ती रद्द करायची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या 24 तास आधी सूचना यावी लागते, आणि एकदा परवानगी दिली की 15,000 रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना पुन्हा ओटीपी लागत नाही. सूचना मलाही आली होती, कर्जाच्या आणि सेलच्या मेसेजांखाली.

दुसरं, परवानगी. नव्या अँड्रॉइडवर आणि आयफोनवर ॲपला सगळी गॅलरी न देता निवडक फोटो देता येतात. साडीच्या ॲपला तुमच्या आधार कार्डाचा फोटो दिसायचं काही कारण नाही.

वहिनींच्या फोनवर शेवटी स्नॅपसीड राहिलं, आणि आठवडाभराने लाइटरूमही आलं, फक्त राणी कलरसाठी. बॅनरचं काम पुतण्याकडे गेलं. साड्यांच्या कपाटात आता एक कोरा ए-फोर कागद कायमचा आहे, आणि फोटो सकाळी दहाच्या आत, घराच्या बाल्कनीतल्या सावलीत निघतात. त्यातल्या निम्म्या फोटोंना ॲप लागतच नाही.