एल्बो क्रच: काठी झकास, पण खालचं रबर बघून घ्या

तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, डावा पाय गेला. त्यानंतरच्या पंचावन्न वर्षांत लाकडी कुबडी, पायाला बांधायचा कॅलिपर, नवऱ्याचा खांदा, सगळं वापरून झालंय. खानापुरात ब्लाऊज शिवते. गेल्या वर्षी मे महिन्यात बेळगावातून एल्बो क्रचची जोडी आणली, चौदाशे पन्नासला. आता तिचा दुसरा पावसाळा चाललाय.

काखेची कुबडी मी वीस वर्षं चुकीची वापरली. सगळा भार काखेवर टाकायचा, तर हाताला मुंग्या येऊन सुई धरवेना. काखेतली शीर दाबली जाते, भार तळहातावर यायला पाहिजे, असं डॉक्टरांनी सांगितलं. एल्बो क्रचला काखेचा प्रश्नच नाही. कोपराखाली कडं, हातात मूठ. बसमध्ये चढताना दांडा धरायला मूठ सोडली तरी काठी कड्याला लोंबकळत राहते. कंडक्टर "लगू हत्री अक्का" (लवकर चढा) म्हणून घाई करतो तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

दुकानातल्या पोरानं अंदाजानं उंचीचं बटण लावलं आणि म्हणाला, "झालं मावशी." कसलं झालं! माझ्या पिशवीत टेप असतेच. रोजची चप्पल घालून ताठ उभी राहिले, हात सैल सोडला आणि त्यालाच मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजायला लावलं. मूठ तिथं यायला पाहिजे, म्हणजे धरल्यावर कोपर जरासं वाकलेलं राहतं. माझं माप एकोणतीस इंच आलं, त्यानं लावली होती बत्तीसवर. तशीच घरी आणली असती तर दिवसभर खांदे कानाला टेकले असते.

मुठीचं प्लॅस्टिक मात्र कडक. तळहाताला घट्टे पडले. मग ब्लाऊजच्या कपात घालतो तो स्पंज आणि वर उरलेला खण, असं कव्हर शिवलं. पहिलं सैल झालं, मुठीवर गरगर फिरायला लागलं आणि न्हाणीच्या दारात मी पडता पडता वाचले. दुसरं मुठीवरच घट्ट ओढून हातशिलाईनं शिवलं. बटणाजवळ टकटक आवाज येतो, तो कशानंच जात नाही. घरच्यांना मी कुठल्या खोलीत आहे ते कळतं, एवढाच फायदा.

आता रबर. कंपनीचं रबर गणपतीपर्यंतसुद्धा टिकलं नाही. खालची गोल गोल वळी झिजून तळ गुळगुळीत झाला, आणि ओल्या शहाबादी फरशीवर काठी सरकली. आमच्या तांबड्या चिखलात तर वळी असूनही ती भरून जातात, दारात आल्यावर पुसावीच लागतात. पुसायला म्हणून गोणपाट टाकलं, तर गोणपाटच सरकलं. शेवटी त्याची चारी टोकं खिळ्यांनी उंबऱ्याबाहेरच्या लाकडी फळीला ठोकली.

नवीन रबर मागायला गेले तर त्या दुकानात म्हणे सुटं मिळत नाही, नवी जोडीच घ्या. चप्पलचा अंगठा तुटला म्हणून कुणी पाय बदलतं का? दुसऱ्या दुकानात साठ रुपयाला एक मिळालं, पण मापाचा घोळ. माझ्या काठीची नळी एकोणीस मिलिमीटरची, त्यानं दिलं बावीसचं. एक दिवस चाललं आणि स्टँडसमोरच्या चिखलातच राहिलं. तेव्हा नळी मोजून जा, नाहीतर काठीच घेऊन जा. आणि रबराच्या आत बोट घालून बघा, तळाला लोखंडी चकती लागली पाहिजे. ती नसली की नळीची धार रबर कापून खाली येते. वळी दिसेनाशी झाली की बदलायचं, भोक पडेपर्यंत थांबायचं नाही. मी आता जोडीला दोन जादा घेऊन ठेवते, मशीनच्या खणात, बॉबिनशेजारी.

ज्यांना चौदाशे जड आहेत आणि चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला आहे, त्यांनी केंद्राच्या एडिप योजनेची चौकशी जरूर करावी. उत्पन्न कमी असेल तर साधनं फुकट मिळतात. पण शिबिरात मिळाली तरी माप आपणच घ्यायचं.

काठीला पाचात चार देते, कंपनीच्या रबराला एक. मुठीचं कव्हर बघून गल्लीतल्या दोन आज्यांनी आपल्या काठीला मागितलंय. शिलाई चाळीस रुपये, खण ज्याचा त्यानं आणायचा.