होमर घ्यायचेत: तयार जोडी की महिन्याची पिल्लं?

होमर, म्हणजे लांब सोडलं तरी घरी परतणारी शर्यतीची कबुतरं, पाळायचं ठरलं की पहिला पेच पैशाचा नसतो, वयाचा असतो. नागपूर-अमरावतीकडच्या एखाद्या जुन्या शौकिनाच्या ढाबळीत गेलात, की तो दोन गोष्टी समोर ठेवतो. एकीकडे पायात कडी असलेली, छाती काढून घुमणारी जोडी आणि सोबत वंशावळीचा कागद. दुसरीकडे टोपलीत चिंचिं करणारी, डोक्यावर पिवळी लव राहिलेली पिल्लं. हात आपोआप जोडीकडे जातो. माझाही गेला होता.

निळा नर आणि ठिपकेदार मादी मी नागपुरातून चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावी आणली. दोन महिने जाळीत ठेवली. दोघं हातावरचे दाणे खायला लागली, म्हटलं आता झाली आपली. एका सकाळी नराला मोकळं केलं. तो धाब्याच्या, म्हणजे घराच्या सपाट छपराच्या, कडेला बसला, दोन घिरट्या मारल्या आणि पूर्वेला निघून गेला. दुपार व्हायच्या आत विकणाऱ्याचा फोन आला, “सोडला काहून भाऊ? घरचाच होता तो, घरीच येईन.” सरळ रेषेत अंतर भरतं १२० किलोमीटरच्या आसपास.

ज्या गुणासाठी आपण होमरला पैसे मोजतो, तोच गुण मोठा पक्षी विकत घेतला की आपल्यावर उलटतो. जिथून तो पहिल्यांदा उडाला, ते घर त्याच्या डोक्यातून जात नाही. मोठा पक्षी नव्या जागी बसवणारे कसबी लोक आहेत, पण नवख्यानं त्या भानगडीत पडू नये. म्हणजे जोडी घेतली तर ती पैदाशीसाठी, आणि ती कायम जाळीत, हे आधीच मान्य करून घ्या.

तिचं गणित असं. जोडी जमली की आठ-दहा दिवसांत पहिलं अंडं, दुसरं साधारण दोन दिवसांनी. मग १७-१८ दिवसांची उबवण, त्यात नर-मादी आळीपाळीनं बसतात. सुरुवातीचे दिवस पिल्लू आईबापाच्या गळ्याखालच्या पिशवीत तयार होणाऱ्या दुधासारख्या पदार्थावरच वाढतं. आठवड्याच्या आत-बाहेर पायात कडी घालायची आणि २८-३० दिवसांनी वेगळं करायचं. नवीन जागी जोडी स्थिरावण्याचा वेळ धरला, तर आपलं पिल्लू छपरावर दिसायला अडीच-तीन महिने जातात, तेही दोनच. त्यातलं एक शिक्र्यानं, त्या शिकारी पक्ष्यानं, नेलं की हंगाम संपल्यासारखा.

जोडीच्या बाजूनं मोठी गोष्ट एकच: वंश माहीत असतो आणि गेलेल्या पिल्लाच्या जागी पुढचं काढता येतं. मात्र कागदापेक्षा कडी बघा. बंद कडी फक्त कोवळ्या पायात जाते, त्यामुळे तिच्यावरचं साल हे खरं वय. चिमटून बसवलेली उघडी कडी कुणीही कधीही घालतं.

आता पिल्लं. मी आज पुन्हा सुरुवात केली तर एकाच ढाबळीतली सहा-आठ पिल्लं घेईन. २८ ते ३५ दिवसांची, स्वतः दाणे टिपणारी, पण बाहेर कधीच न उडलेली. आकाश बघितलेलं पिल्लू स्वस्त मिळालं तरी नको. चोच उघडून घशात पिवळट, पनीरासारखा थर नाही ना बघा. छातीचं हाड बोटाला सरळ लागलं पाहिजे.

आणल्यावर धाब्यावर किंवा टिनावर जाळीचा पिंजरा ठेवून आठवडाभर त्यांना नुसतं गाव बघू द्यायचं. पहिल्यांदा सोडायचं ते उपाशी, संध्याकाळच्या दाण्याआधी. डबा वाजवला की आत यायचं, ही एक सवय लागली म्हणजे निम्मं काम झालं. पोट भरलेलं पिल्लू शेजारच्या टाकीवर जाऊन बसतं आणि मांजर त्याची वाट बघत असतं. घिरट्या लांबल्या, वय तीन महिन्यांच्या पुढे गेलं की टोपलीतून बाहेर न्या. मी आधी दोन, पाच किलोमीटरवरून सोडतो. मग रेल्वेची लाइन धरून धामणगाव, पुलगाव, वर्धा. ओळखीचा कुणी पॅसेंजरनं निघाला की टोपली त्याच्या हाती. वर्धा आमच्याहून सरळ ६५ किलोमीटर. चांगल्या हवेत पक्षी तासाभरात हजर होतात.

पिल्लांचा तोटा उघड आहे. त्यांच्यात दम किती, हे वर्षभर कळत नाही, आणि आठातली दोन-तीन तरी जातात. विजेच्या तारा आहेत, शिक्रा आहे, शिवाय आपल्याकडची शेतं. पेरणीच्या वेळी औषध लावलेलं बियाणं आणि कपाशीवर फवारणी चालू असताना ड्रमाशेजारी साचलेलं पाणी, ही दोन्ही मरणं मी बघितली आहेत. त्या दिवसांत पक्षी आतच ठेवतो.

जागा नि खाणं दोन्हीकडे फारसं वेगळं नाही. रोज पक्ष्यामागे ३०-३५ ग्रॅम ज्वारी, मका, मसूर, थोडी करडई. घरात पोत्यानं सोयाबीन पडलेलं असलं तरी कच्चं घालू नका, ते त्यांना पचत नाही. जोडीला अंड्यांसाठी वेगळा खण लागतो, पिल्लांना आठ फूट बाय चार फुटांची एक ढाबळ पहिल्या वर्षी पुरते. मे महिन्यात मात्र टिनाखाली कुणालाच ठेवू नका, वर तुराट्यांचा थर हवाच.

वेळेचं म्हणाल तर पिल्लं पावसाळा सरता सरता आणा, म्हणजे लांबचे टप्पे थंडीत पडतात. आणि एवढं वाचूनही जोडीच घेणार असाल, तर निसटलेला पक्षी परत देणार का, हे पैसे द्यायच्या आधी विचारून घ्या. मला दिला त्यानं. जाण्यायेण्याचं भाडं माझं, आणि चहाही मीच पाजला.