लहान वर्ग की शिस्तीचा मोठा वर्ग?

मुलीला पहिलीत घालताना एक मैत्रीण अडली आहे. एका शाळेत वर्गात २० मुलं, पण गोंगाट फार. दुसऱ्या शाळेत ४०, पण शिस्त पक्की. जाहिराती बाजूला ठेवून बघू.

शिकणं: अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ ‘स्टार’ प्रयोग झाला. बालवर्ग ते तिसरीची मुलं कोणतीही निवड न करता १३ ते १७ आणि २२ ते २५ मुलांच्या वर्गांत वाटली. लहान वर्ग वाचन-गणितात पुढे राहिले आणि गरीब घरातल्या मुलांना जास्त लाभ झाला. मात्र कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये घाईने वर्ग २०वर आणले, तेव्हा अननुभवी शिक्षक नेमावे लागले. शिक्षक कच्चा असेल तर कमी पटाचा उपयोग थोडाच.

शिस्त: जपानमध्ये वर्ग वर्षानुवर्षं ४०पर्यंतचे होते, तरी ‘पिसा’ या १५ वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तिथली मुलं वरच्या रांगेत. तिथे मुलंच वर्ग झाडतात, जेवण वाढतात. शिस्त सवयीतून येते. ही संस्कृती नसताना नुसत्या धाकाने गप्प बसवलेल्या वर्गात शंका विचारायला मूल घाबरतं, आणि हे मला फार घातक वाटतं.

खर्च: लहान वर्ग महागच, शिक्षक जास्त लागतात.

मूल लहान, बुजरं किंवा वाचनात मागे असेल तर लहान वर्ग घ्या, पण शिक्षक आधी भेटून या. वरच्या इयत्तेतलं, स्वतःहून अभ्यास करणारं मूल मोठ्या वर्गातही छान शिकतं, फक्त तिथे प्रश्न विचारायची मोकळीक हवी.