घरच्या स्टुडिओसाठी कंडेन्सर की डायनॅमिक माइक?

माइक निवडण्याआधी खोली ऐका. मोकळ्या भिंती, फरशी आणि फिरता पंखा असेल, तर कंडेन्सर (वीज लागणारा, जास्त संवेदनशील माइक) हे सगळं गाण्यासोबत टिपतो. आवाजात मिसळलेला खोलीचा घुमारा नंतर मिक्सिंगमध्ये पूर्ण निघत नाही.

डायनॅमिक माइक (बाहेरची वीज न लागणारा, कमी संवेदनशील) खोली कमी पकडतो, याचं मुख्य कारण तो तोंडाजवळ, ५ ते १० सेंटिमीटरवर वापरतात. तोच दूर ठेवला तर घुमारा त्यातही येतो. मात्र इतक्या जवळून खर्ज फुगतो. तेव्हा ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचा खर्ज कापणारा) लावावा.

डायनॅमिकची खरी अडचण गेनची, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल किती वाढवावा लागतो याची. शूअर एसएम७बी सारख्या माइकला सुमारे ६० डेसिबल गेन लागतो. साध्या इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीचा) प्रीअँप, म्हणजे सिग्नल वाढवणारा भाग, तिथे शेवटाला पोचतो आणि हिस्स (सततची सळसळ) ऐकू येतो. हळू गाणाऱ्याला हे जास्त जाणवतं.

कंडेन्सरला गेन कमी पुरतो, पण ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (इंटरफेसकडून केबलमधून माइकला मिळणारी वीज) हवा. तो चालू-बंद करताना हेडफोन आणि स्पीकर आधी बंद ठेवा, नाहीतर त्यांतून जोरदार ठोक्यासारखा आवाज येतो. माइक १५ ते २० सेंटिमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’ची फुंकर अडवणारी जाळी). तंबोरा किंवा अकूस्टिक गिटारच्या तारांची बारीक झंकार हवी असेल, तर कंडेन्सरच घ्यावा.

फक्त गायन आणि मोकळ्या भिंतींची खोली असेल, तर आमचं मत डायनॅमिकला. रेकॉर्डिंगची लेव्हल दोन्हींची सारखीच: २४ बिटवर सर्वांत मोठा सूर मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास (शून्य ही वरची मर्यादा).