फोली कॅथेटर: पिवळी की पारदर्शक?

मामांसाठी लघवीची नळी आणायला गेलेल्या मामींचा दुकानातूनच फोन, ‘कोणती घेऊ रे?’ दोन्ही 16 फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप), म्हणजे बाहेरून साधारण 5.3 मिमी. फरक आत आहे. पिवळीचा साचा लेटेक्सच्या, म्हणजे रबराच्या द्रवात पुन्हा पुन्हा बुडवतात, म्हणून भिंत जाड, भोक लहान. वरून सिलिकॉनचा नुसता हात. पारदर्शक नळी अख्खी सिलिकॉनची, सोऱ्यातून चकली पाडावी तशी काढलेली. भिंत पातळ, भोक मोठं, त्यामुळे लघवीतले क्षार साचून तुंबायला वेळ लागतो. किंमत मात्र चांगलीच चढी. शिवाय तिला मूत्राशयात अडकवून ठेवणाऱ्या फुग्यातलं पाणी हळूहळू झिरपतं, कधी नळी निसटतेही.

ऑपरेशननंतर दोन-चार दिवसांपुरती पिवळी चालेल. अनेक आठवडे ठेवायची असेल, किंवा रबराची ॲलर्जी असेल, तर सिलिकॉनच.